रक्ताची सावड

पेणजवळच्या गडब गावात बाकी सगळं बदललं. हायवे रुंद झाला, रस्त्याकडेच्या दुकानांना काचा आल्या, पोरं बैलांची नावं विसरली. पण सावड काही मोडली नाही. लावणीला आज तुमच्या शेतात आम्ही वाकायचं, उद्या आमच्या शेतात तुम्ही. कोण किती वाकला हे कुणी मांडून ठेवत नाही, आणि तरी ते कुणी विसरत नाही. घरचा माणूस तापानं पडला तर शेजारचा त्याच्या जागी उभा राहतो, आणि बांधावरून त्या माणसाच्या नावानं हाक आली तर खुशाल ओ देतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

सुजय घरत आणि मोरू मोकल यांची शेतं एका बांधाची. मोरू पन्नाशी ओलांडलेला, काटकुळा, गळ्यात तुळशीची माळ. रायगडात राहून मासळीला शिवायचं नाही म्हणजे काय चेष्टा आहे? पण मोरूनं ते निभावलं होतं. जवळा भाजायला घेतला की त्याची बायको गिरजाबाई आधी नवऱ्याला ओसरीवर हाकलायची. सुजय चाळिशीला टेकलेला, अंगानं भरलेला, ताटात तळलेली तुकडी नसेल तर जेवलोच नाही म्हणणारा. रोह्याला धाटावच्या एका कंपनीत तो ठेकेदाराकडे कामाला होता. त्याचा बाप खळ्यात भात झोडताना छातीला हात लावून बसला होता तो उठलाच नव्हता. तेव्हा सुजय कॉलेजात होता आणि त्याचं कॉलेज तिथंच संपलं.

ठेकेदाराच्या माणसांची दर वर्षी तपासणी व्हायची. 'फिट' शिक्का मिळाला तर वर टाकीवर चढायचं, नाही मिळाला तर ब्रेक. ब्रेक हा शब्द ऐकायला बरा आहे, पण ब्रेक मिळालेला माणूस परत गेटच्या आत आलेला सुजयनं पाहिला नव्हता. म्हणून त्या श्रावणात तपासणीच्या आधी तो गुपचूप पेणला गेला आणि एका लॅबमध्ये रक्त देऊन आला. रिपोर्टात कोलेस्ट्रॉलचे आकडे जाड अक्षरांत छापून आले. ते कागद त्यानं घरी न्यायच्या आधीच फाडले, पण फाडलं म्हणून अंगातलं थोडंच जातं.

त्याच संध्याकाळी बांधावर त्यानं मोरूला गाठलं.

"मोरूदादा, एक काम हाय. नाय म्हणू नको."

मोरू विळ्यानं बांधावरचं गवत काढत होता. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "निसतं रक्तच ना द्यायचंय?"

"रक्तच. वजन नि बीपी कंपनीचा डॉक्टर बघतो, ते माजं मी करीन. रक्ताचा कॅम्प गेटच्या भायेर हाय, समाजमंदिरात. दोनशे माणसं असतात. नाव पुकारतात, हात पुढं करायचा."

"मग त्यात काय मोठंसं?" मोरू म्हणाला. "लावणीला सुट्टी टाकून माज्या शेतात वाकलास तू. सावडीत हात दिला काय नि रक्त दिलं काय, एकच. तुज्या अंगात मासलीचं तेल वाहातंय, माज्या अंगात काय हाय? पेज नि वरण. माजं रक्त पहिल्या नंबरानं पास होयेल बघ."

दोघंही हसले. सुजयला इतकं हलकं वाटलं की त्यानं मोरूच्या हातचा विळा घेऊन उरलेला बांध स्वतःच साफ केला.

कॅम्पच्या दिवशी मोरू उपाशीपोटी, सुजयचा निळा युनिफॉर्म घालून समाजमंदिरात गेला. शर्ट त्याला गोणपाटासारखा लोंबत होता. माळ त्यानं कॉलरच्या आत सारली होती. सुजय रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर तोंड फिरवून बसला. थोड्या वेळानं मोरू कोपराच्या खळग्यात कापसाचा बोळा दाबत बाहेर आला.

"दोन नळ्या घेतलान," तो म्हणाला. "एक तुज्या कंपनीची. दुसरी एका डॉक्टरीणबायनी इचारून घेतलान. कसलं तरी शिक्षान चाललंय तिचं, हृदयाच्या रोगावर. बोलली, नको असेल तर नको देव. पन चांगली बाई वाटली रे, मंग नाय कसं बोलायचं? सही केली तुज्या नावानं, फोन नंबर बी तुजाच दिला."

सही कसल्या कागदावर केली, हे सुजयला विचारायचं होतं. पण मोरू वडापाव खायला इतक्या आनंदानं वळला होता की त्यानं पुढे काही विचारलं नाही.

आठवड्यानं रिपोर्ट आला तो एकदम साफ. कोलेस्ट्रॉल नॉर्मल, साखर नॉर्मल. सुजयला शिक्का मिळाला आणि सुंठीवाचून खोकला गेला. त्याची बायको नूतन हिला रक्ताची ही अदलाबदल ठाऊक होती. तिनं मोरू-गिरजाबाईंना जेवायला बोलावलं, मोरूसाठी वेगळ्या भांड्यात तांदळाची खीर केली. मोरूनं तो रिपोर्ट हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि गिरजाबाईला दाखवला. "बघ गो, माजं रक्त! कंपनीनं पास केलंय." आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणी कसला दाखला दिला होता, आणि तोही दुसऱ्याच्या नावाचा.

गणपतीच्या आधी सुजय पेणला मूर्ती सांगायला गेला होता. कारखान्यात पांढऱ्या, अजून डोळे न आखलेल्या मूर्ती ओळीनं मांडलेल्या होत्या. तिथंच त्याचा फोन वाजला.

"सुजय घरत का? मी डॉक्टर नाओमी रोहेकर. कॅम्पमध्ये तुम्ही मला एक नळी दिली होती, आठवतं?"

चोराच्या मनात चांदणं. सुजय मूर्तींच्या मागे सरकला. "व्हय मॅडम. बोला."

"घाबरू नका. तुमचा नेहमीचा रिपोर्ट चांगला आहे. पण आपण नेहमी मोजतो ते रक्ताच्या पाण्यातलं कोलेस्ट्रॉल. रक्तात तांबड्या पेशी असतात ना, त्यांच्या अंगावरच्या पातळ पडद्यातही कोलेस्ट्रॉल असतं. मी ते मोजते. तुमच्या पेशींत ते फार जास्त आलंय. माझ्याकडच्या सगळ्या नमुन्यांत सर्वांत जास्त."

"मंग त्यानं काय होतं?"

"हृदयाच्या नळीत थर साचलेला असला, आणि त्या थरात बारीकसा रक्तस्राव झाला, तर या पेशी तिथं अडकतात आणि फुटतात. त्यांच्याजवळचं कोलेस्ट्रॉल तिथंच पडतं. थर वाढतो, कच्चा होतो, एखाद दिवशी फाटतो. ज्यांना झटका येऊन गेला अशांच्या पेशींत हे जास्त असतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. अजून ठामपणे सांगता येत नाही, म्हणून तर अभ्यास चाललाय. पण मला कळलंय आणि मी गप्प बसले, असं नको व्हायला. पेणला एकदा हृदयाची तपासणी करून घ्या. खर्चाचं मी बघते."

गप्प बसू नये, असं ती बाई म्हणाली आणि फोन ठेवला. सुजय तिथंच उभा राहिला. ते रक्त त्याचं नव्हतं, मोरूचं होतं. हे त्याला त्या क्षणी कळलं, लख्ख कळलं. ओढ्याचं पाणी वरून नितळ दिसतं, पण गाळ त्याच्या पोटातून वाहत असतो, हे शेतकऱ्याच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही.

मग त्यानं घरी येऊन मोरूला सांगितलं का? नाही. रस्ताभर तो मनात वाक्यं जुळवत होता. सांगितलं तर मोरू गिरजाबाईला सांगणार. एवढे दिवस ती गप्प होती, पण नवऱ्याच्या जिवाचं ऐकल्यावर तिचं रडणं पाणवठ्याला कळणार, आणि गडब नाक्यावर रोज सकाळी गाडी घेऊन येणाऱ्या कमळाकरला कळायला किती वेळ? कमळाकर हा ठेकेदाराचा सुपरवायझर, पेणच्या रामवाडीत राहणारा. माणूस वाईट नव्हता, पण खोट्या रक्ताची गोष्ट पोटात ठेवण्याइतका वेडाही नव्हता. नोकरी जाणार, आणि आता या वयात, या अंगानं दुसरी कोण देणार? माणूस भ्याला की त्याला अक्कल फार सुचते. सुजयलाही सुचली. तपासणीला तो स्वतःच गेला.

पट्ट्यावर तो धापा टाकत पळाला. आलेख चांगला आला. डॉक्टर नाओमी मुद्दाम आल्या होत्या. रोह्याच्या नदीपलीकडे अष्टमी गावात त्यांच्या ज्यू आज्याचा तेलाचा घाणा होता; भाऊबंद सगळे इस्रायलला गेले, ही एक मुंबईला शिकून इकडेच फेऱ्या मारत राहिली. कॅम्पमध्ये दोनशे हात पाहिलेल्या बाईला चेहरा कुठून आठवणार? तिनं सुजयचं रक्त पुन्हा घेतलं. सुजयला नाही म्हणता आलं नाही.

गौरी-गणपती पाण्यात गेले आणि तिचा फोन आला. आवाज ओशाळलेला होता.

"घरत, मला माफ करा. तुमच्या पेशींतलं कोलेस्ट्रॉल ठीक आहे. म्हणजे पहिल्या वेळी नळ्यांची अदलाबदल माझ्याकडेच झाली असणार. उगाच तुमच्या जिवाला घोर लावला मी. तुमचं साधं कोलेस्ट्रॉल मात्र वाढलंय, त्याला गोळी सांगते, ती रोज घ्या." मग ती म्हणाली, "पण ते पहिलं रक्त ज्याचं होतं, त्याला आता कुठं शोधू? त्या दिवशीची सगळी नावं पुन्हा काढून बघते."

"व्हय मॅडम," सुजय म्हणाला. "बघा."

जे नाव तिच्या यादीत नव्हतंच ते शोधायला त्यानं तिला पाठवलं. आणि रात्री जेवल्यावर तो गोळी घेऊ लागला. खोटं ज्यानं केलं त्याला औषध मिळालं, ज्यानं रक्त दिलं तो पेज पिऊन निवांत झोपत होता. याला न्याय म्हणत नाहीत, पण सुजय हळूहळू स्वतःला समजावू लागला की बाई म्हणते तसंच असेल, नळ्याच बदलल्या असतील. सोयीचं असलं की माणूस काहीही खरं मानतो.

तरी एकदा त्यानं प्रयत्न केला. नवरात्रात देवळाच्या पायरीवर मोरू एकटा बसला होता.

"दादा, एकदा पेणला जावन छाती तपासून ये ना. मी येतो संगती."

मोरू खो खो हसला. "कशाला रं? माजं रक्त तर पास झालंय! तूच आनून दाखवलास ना कागद?"

आता पुढचं वाक्य बोलायचं होतं. ते सुजयच्या जिभेवर आलं होतं, हे खरं. पण पायऱ्या चढून गिरजाबाई वर आली, प्रसादाची वाटी पुढे केली, आणि सुजयनं वाक्याच्या जागी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. कापणी होऊ दे, मग सांगू, असं त्यानं ठरवलं.

कापणी आली. सुजयला डबल शिफ्ट लागली. त्याचा भात उभा, वरून ढगांची भीती. पण सावड होती ना. मोरूनं स्वतःचं शेत मागे ठेवलं आणि सुजयच्या शेतात उतरला. सुजय रोह्याला टाकीवर चढलेला असायचा आणि मोरू इकडे त्याच्या भाताच्या मुठी आडव्या करत असायचा. एका संध्याकाळी सुजय घरी आला तेव्हा नूतन भाकरी थापत होती.

"मोरूदादा आज मधीच बसले बांधावर," ती म्हणाली. "छातीत जळजळतंय बोलत होते. हात बी भरून आलाय म्हणं. पित्त झालं असंल. मी कोकमाचं सार करून दिलं. प्याले नि परत विळा घेतलान. आपली शेवटची खाचरं राहिलेली ना."

सुजयच्या हातातला तांब्या हातातच राहिला. "मंग? आता कसे हायत?"

"बरे हायत की. चालत घरी गेले." नूतननं वर पाहिलं. "तुमाला काय झालं?"

त्यानं तिला डॉक्टर नाओमींच्या फोनचं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं. नूतनची भाकरी तव्यावर करपली. तवा खाली उतरवून ती म्हणाली, "उद्या सकाळी त्यांच्या घरी जायचं. आदी जायचं, मंग कामावर." सुजय म्हणाला, जातो.

सकाळी त्याला जावं लागलंच नाही. उजाडताच गिरजाबाई दारात आली, पदराचं भान नसलेली. "सुजय, बघ रे यांना काय होतंय! घामानं भिजलेत नि बसवत नाय म्हनतात."

नाक्यावर कमळाकरची गाडी आलेली होती. त्यानं काही विचारलं नाही, आतल्या माणसांना खाली उतरवलं, मोरू-गिरजाबाईंना मागच्या सीटवर, सुजयला पुढे घेतलं आणि गाडी रोह्याकडे न नेता पेणकडे वळवली. मोरू गिरजाबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून बसला होता. रामवाडी येईपर्यंत त्याला जरा बरं वाटू लागलं, तर तो उलट कमळाकरलाच म्हणाला, "तुमची शिफ्ट बुडवली ओ मी."

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्यानं लगेच आलेख काढला, नीट पाहिला. आलेखात काही नव्हतं. बीपी चांगलं. त्यानं मोरूच्या गळ्यातली माळ पाहिली, हाडकुळ्या फासळ्या पाहिल्या.

"आधी कधी असा त्रास? बीपी, शुगर, काही रिपोर्ट?"

"नाय ओ साहेब," कमळाकरच्या देखत गिरजाबाई सावरून म्हणाली. "यांना कदी सुई टोचली नाय. तंबाखू नाय, बाटली नाय. माळकरी मानूस."

"काल ऊन आणि उपास झाला असेल. आता दुखतंय का?"

"नाय," मोरू म्हणाला. "ढेकर आला, बरं वाटलं."

"पित्ताचं इंजेक्शन देतो. थोडा वेळ पडा, मग घरी गेलात तरी चालेल. पुन्हा दुखलं तर लगेच या." डॉक्टर लिहू लागला. मोरू कॉटवरून पाय खाली सोडून चपला शोधू लागला. गिरजाबाईनं देवाचं नाव घेऊन हात जोडले. दाराशी कमळाकर किल्ली फिरवत उभा होता, आणि त्याच्या शेजारी सुजय.

सगळं पुन्हा सुखरूप मिटत होतं. काही बोलावं लागणार नव्हतं. सुजयला ते मिटताना दिसलं, आणि त्याला आपला बाप दिसला, खळ्यात बसलेला, छातीवर पंजा टेकलेला. तेव्हा कुणाला काही ठाऊक नव्हतं म्हणून तो गेला. आज त्याला ठाऊक होतं.

"डॉक्टर, घरी सोडू नका," तो म्हणाला. "यांचा रिपोर्ट हाय."

"आत्ता तर म्हणाले कधी सुई..."

"हाय रिपोर्ट. माज्या नावानं हाय." त्यानं कमळाकरकडे पाहिलं नाही. "कंपनीच्या कॅम्पात माज्या जागी यांनी रक्त दिलं. त्यातली एक नळी डॉक्टर नाओमी रोहेकर म्हणून हायत, त्यांनी घेतली. यांच्या तांबड्या पेशींत कोलेस्ट्रॉल लय जास्त निघालंय. सगळ्यांत जास्त. त्या बोलल्या, हृदय तपासा. मी तपासून आलो, माजं. यांचं तसंच रायलं."

किल्लीचा आवाज थांबला. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.

"त्या मॅडमना फोन लावा," तो म्हणाला. फोनवर तो दोन मिनिटं बोलला आणि परत आला. "या चाचणीवर आम्ही अजून उपचार ठरवत नाही. पण हे कळल्यावर मी यांना घरीही सोडणार नाही. मोरूभाऊ, झोपा परत."

तपासणीला रक्त घेतलं. थोड्या वेळानं पुन्हा आलेख काढला, आणि कागद मशीनमधून बाहेर सरकत असतानाच मोरूचा चेहरा राखेसारखा झाला. यावेळी आलेख पाहून डॉक्टर बोलत बसला नाही. गोळ्या दिल्या, ऑक्सिजन लावला, अँब्युलन्स बोलावली आणि पनवेलला पाठवलं. घरच्या वाटेवर असते तर संपलंच होतं, असं नंतर नर्सनं सुजयला सांगितलं.

अँब्युलन्स गेल्यावर कमळाकर सुजयजवळ आला. "उद्यापासून नाक्यावर थांबू नको," तो म्हणाला. "मला सांगावंच लागेल रे वर." मग गाडीचं दार उघडत म्हणाला, "चल, पनवेलला सोडतो तुला." सुजय गाडीत बसला. ज्या नोकरीसाठी एवढं केलं ती गेली, आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. वाटायला जागाच उरली नव्हती.

पनवेलच्या हॉस्पिटलात मोरूच्या हृदयाची नळी उघडून आत स्प्रिंग बसवली. तो जगला. पण हृदयाचा एक भाग मेला तो मेलाच. डॉक्टरांनी गिरजाबाईला समजावून सांगितलं की आता ओझं उचलायचं नाही, उन्हात वाकायचं नाही, शेत विसरायचं. दोन महिने आधी आले असते तर, असं काहीतरी ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले. गिरजाबाईनं ते ऐकलं होतं. नंतर सुजय बाकावर येऊन बसला तेव्हा ती उठून दुसऱ्या बाकावर गेली.

सुजयनं मोरूच्या भाताला हात लावला. कामच नव्हतं, वेळच वेळ होता. त्यानं आणि नूतननं मोरूचं सगळं शेत कापलं, भारे वाहिले, झोडलं, गोणी भरून मोकलांच्या ओसरीवर रचल्या. गावातले लोक मदतीला आले तर त्यानं कुणाला येऊ दिलं नाही. हात सोलून निघाले. मग तो पनवेलला गेला.

मोरू खाटेवर उशीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, गळ्यात माळ तशीच. आत सुजय एकटाच होता.

"दादा, तुजा भात घरात आला. झोडून, वारवून. यंदा चांगला उतरलाय."

"बरं केलंस," मोरू म्हणाला. तो खरंच बरं वाटून म्हणाला. मग त्यानं खिडकीकडे तोंड वळवलं.

"सुजय, त्या डॉक्टरीणबायचा फोन कवा आलेला रं तुला?"

इथंही वाट होती. कापणीच्या दिवसांत आला होता, आदल्या दिवशीच आला होता, असं म्हणता आलं असतं. कोण ताडून बघणार होतं? सुजयनं आपल्या सोललेल्या तळव्यांकडे पाहिलं.

"गणपतीच्या आदी," तो म्हणाला.

मोरूचे ओठ हलले. तो मनात मागे जात होता. गौरी, नवरात्र, देवळाची पायरी, खोबऱ्याचा तुकडा, दसरा.

"म्हंजे कापनीच्या आदी."

"व्हय."

"तुजाच भात कापत होतो मी," मोरू म्हणाला.

तो रागावून बोलला असता तर सुजयला सोसलं असतं. तो फक्त म्हणाला. जसा एखादा माणूस आपली वस्तू कुठं हरवली ते आठवून सांगतो, तसा. सुजय खाटेच्या लोखंडाला धरून रडला. मोरूनं त्याला गप्प राहा म्हटलं नाही आणि पाठीवर हातही ठेवला नाही.

नर्स ट्रे घेऊन आत आली. रक्त न्यायचं होतं. तिनं नळी काढली, चिठ्ठीवर पेन टेकवलं आणि न पाहताच विचारलं, "पेशंटचं नाव?"

सवयीनं सुजयनं तोंड उघडलं. मोरूनं हात वर करून त्याला थांबवलं.

"मोरेश्वर धाया मोकल," तो म्हणाला. "मुक्काम गडब."

नर्सनं लिहिलं आणि चिठ्ठी नळीला डकवली.

"जरा दाखव बाय."

तिनं नळी त्याच्यापुढे धरली. चौथीपर्यंत शिकलेल्या मोरूनं एकेका अक्षराखाली बोट धरून आपलं नाव शेवटपर्यंत वाचलं. मग बाही वर केली आणि हात पुढे केला.